भविष्याच्या कार्यशाळेची परीक्षा

२००८ साली पुण्यात डॉ. जयंत नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. १०० हुशार आणि १०० गतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या. त्यातल्या ४० पत्रिका प्रत्येक ज्योतिषाला देऊन कोणती कुठल्या गटातली ते विचारलं. २७ जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर निघाली. नाणं उडवूनही निम्मी जमली असती.

मला या चाचणीची मांडणी फार मोलाची वाटते. उत्तरं लेखी घेतली आणि नुसत्या योगायोगाने किती जमेल याच्याशी ती ताडून पाहिली. भविष्याचा विचार करायला शिकवणाऱ्या कार्यशाळांना आपण हा नियम लावत नाही. संध्याकाळी अभिप्रायाचा कागद फिरतो, सगळे 'उत्तम'वर खूण करतात. ज्योतिषाकडून परतणारा माणूसही समाधानीच असतो.

अर्थात कार्यशाळा भाकीत शिकवत नाही. काय काय घडू शकतं आणि त्यासाठी आज काय करायचं, हे शिकवते. मग तपासायचं तेच. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री पुण्यातल्या आंबिल ओढ्याचं पाणी घरांत घुसलं, माणसं गेली. अशा ओढ्याकाठच्या सोसायट्यांसाठी कार्यशाळा घ्यायची तर आधीच एक कागद भरून घ्यावा: पुढच्या पावसाळ्यात काय होऊ शकेल, तुम्ही काय कराल? 'पाणी तुंबेल, महापालिकेला कळवू' एवढंच उत्तर आलं, तर सुरुवात कुठून आहे ते कळलं. वर्षाने प्रत्यक्ष जाऊन बघावं. विजेचे मीटर वर घेतले का? तळमजल्यावरच्या आजी-आजोबांना रात्री कोण उठवणार, हे ठरलंय का?

एवढ्यानेही भागत नाही. पुराचा फटका बसल्यावर कुणीही सावध होतो; शिवाय आपणहून नाव नोंदवणारी सोसायटी मुळातच जागरूक असते. म्हणून इच्छुकांत चिठ्ठ्या टाकाव्यात. निम्म्यांना यंदा कार्यशाळा, उरलेल्यांना पुढच्या वर्षी, आणि कागद मात्र दोघांकडून. दोघांतला फरक हीच कार्यशाळेची कमाई. फरक दिसला नाही, तर तेही आयोजकांनी छापावं.

सभागृह, जेवण, वक्त्याचं मानधन यांना पैसे मिळतात. वर्षाने सोसायट्यांत फिरून मीटर बघणाऱ्या दोघांना मिळत नाहीत. तो खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरायला हवा, नाहीतर पुढे त्यासाठी कुणी पैसे देत नाही.