रोजच तर बघतो

सुधीर पटवर्धनांच्या चित्रांसमोर उभं राहून लोक काय बोलतात, यावर मी गेली काही वर्षं विचार करतोय. चित्रांवर बोलण्याइतकं माझं शिक्षण नाही. ते एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शाळेतल्या दोन ग्रेड परीक्षांपाशी संपलं. पुढे इंजिनिअरिंग आणि मग सॉफ्टवेअरमधली नोकरी. पण प्रतिक्रियांवर बोलायला हरकत नसावी, कारण त्या माझ्यासारख्यांच्याच असतात. आणि त्या ऐकता ऐकता मला एक प्रश्न पडला आहे, जो चित्रकलेपेक्षा नीतीचा जास्त आहे. दुसऱ्या माणसाकडून काहीही नको असताना त्याच्याकडे बघणं आपल्याला जमतं का?

ज्यांना पटवर्धन माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जन्म १९४९चा, पुण्यातला. १९७२ साली पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून ते डॉक्टर झाले, नंतर मुंबईत आले आणि १९७५ ते २००५ अशी तीस वर्षं ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम केलं. चित्रकला ते स्वतःच शिकले. त्यांच्या चित्रांत ठाणं आणि मुंबई आहे, पूल, रस्ते, रेल्वे आणि नाले आहेत, आणि मुख्य म्हणजे तिथली कष्टकरी माणसं आहेत. 'इराणी रेस्टॉरंट' (१९७७), 'टाउन' (१९८४), 'लोअर परळ' (२००१) ही काही प्रसिद्ध चित्रं. १९८१ मध्ये भूपेन खख्खर, गुलाम मोहम्मद शेख, विवान सुंदरम, नलिनी मलानी आणि जोगेन चौधरी यांच्यासोबत त्यांनी 'प्लेस फॉर पीपल' हे प्रदर्शन मुंबईत आणि दिल्लीत केलं. अमूर्त चित्रांना मोठी प्रतिष्ठा असण्याचे ते दिवस होते. चित्रात माणसाला जागा हवी, हा आग्रह त्या नावातच होता.

या चित्रांसमोर सगळ्यात जास्त ऐकू येणारी प्रतिक्रिया असते ती ओळखीची. "अरे, हे तर आपलं स्टेशन!" "हा पूल बघ, मामाच्या घरी जाताना लागतो तो." जाणकारांना ही प्रतिक्रिया जरा बाळबोध वाटते. चित्र म्हणजे फोटो नव्हे, असं ते म्हणतात आणि ते खरंच आहे. पटवर्धनांच्या शहराच्या चित्रांत एकाच जागेकडे तीन-चार ठिकाणांहून बघितलेलं असतं. प्रत्यक्षात एका नजरेत मावणार नाही असं शहर तिथे एका कॅनव्हासवर मावतं. तरीही ओळखीतला आनंद मला खोटा वाटत नाही. संग्रहालयाच्या भिंतीवर राजेरजवाडे, देवदेवता आणि परदेशातली शेतं बघायची सवय असलेल्या माणसाला तिथे स्वतःचा नाका दिसला, तर त्याला आपण मोजण्यात आलो असं वाटतं. ही छोटी गोष्ट नाही.

अडचण पुढे आहे. ओळख पटली की आपण निघतो.

माझ्या कामातलं उदाहरण देतो. कॅमेऱ्यातून येणाऱ्या व्हिडिओतली माणसं मोजणाऱ्या एका प्रोग्रामवर मी काम केलं आहे. प्रोग्राम प्रत्येक माणसाभोवती एक चौकोन काढतो आणि वर लिहितो: 'पर्सन, ०.९७'. म्हणजे हा माणूस असल्याची आपल्याला सत्त्याण्णव टक्के खात्री आहे. खात्री झाली की त्या माणसाशी प्रोग्रामचं काम संपतं. तो हसत होता की वाट बघत होता, हे प्रोग्रामला विचारलेलंच नसतं. आम्ही तो बनवतो तेव्हा त्याने लवकर ओळखावं आणि लवकर पुढे जावं, हेच यश मानतो. प्रदर्शनात "हे तर ठाणं!" म्हणून पुढच्या चित्राकडे सरकणाऱ्यांना बघताना मला तो चौकोन आठवतो. मीही तसाच सरकतो.

शिवाय प्रत्येकाची ओळख वेगळी असते. 'लोअर परळ' माझ्या वडिलांच्या वयाच्या माणसाला गिरणगाव म्हणून ओळखू येतं. १९८२ चा संप, त्यातले अडीच लाखांच्या आसपास कामगार, बंद पडलेले भोंगे हे सगळं त्याच्या ओळखीत असतं. माझ्या पिढीच्या इंजिनिअरला लोअर परळ म्हणजे काचेची ऑफिसं, गिरण्यांच्या जागेवरची हॉटेलं आणि संध्याकाळी न मिळणारी टॅक्सी. दोघंही "ओळखलं" म्हणतात आणि दोघांनी वेगळंच काहीतरी ओळखलेलं असतं. त्या दोन ओळखींच्या मधे जी माणसं चित्रात उभी आहेत, त्यांच्यापर्यंत दोघंही पोचलेले नसतात.

दुसरी प्रतिक्रिया कणवेची. "बिचारे!" हा शब्द मी या चित्रांसमोर अनेकदा ऐकला आहे. तो चांगल्या मनाने उच्चारलेला असतो, म्हणून त्याच्याविरुद्ध बोलणं अवघड जातं. पण चित्रांतल्या देहांकडे बघा. जाड मनगटं, रुंद खांदे, जमिनीवर पक्के टेकलेले पाय. सेझान आणि पिकासो यांच्याकडून पटवर्धन जे शिकले ते या देहांच्या वजनात दिसतं. ही माणसं जागा व्यापून असतात. त्यांनी आपल्याकडे काही मागितलेलं नसतं, बऱ्याचदा तर ती आपल्याकडे बघतही नसतात. मग "बिचारे" येतं कुठून? मला वाटतं, ते आपल्याकडून येतं. कष्टकरी माणूस दिसला की त्याला काय द्यायचं, याचा आपला एक साचा तयार असतो. पैसे द्यायचे नसतील तर दया द्यायची. दया दिली की हिशोब मिटतो आणि पुन्हा आपण निघायला मोकळे.

एका चित्रप्रदर्शनात मी तिथल्या सिक्युरिटी गार्डना विचारलं होतं, "काका, तुम्ही दिवसभर इथेच असता. यातलं कुठलं आवडतं?" त्यांनी एका बसलेल्या माणसाच्या चित्राकडे बोट केलं. म्हणाले, "लोक याला बिचारा म्हणतात. का म्हणतात कळत नाही. बसलाय तो नुसता. दिवसभर उभं राहिल्यावर माणूस असाच बसतो. मस्त बसलाय." मी परत जाऊन बघितलं. खरंच, त्या बसण्यात दुःख नव्हतं. पाठ सैल सोडलेली होती, हात मांडीवर टाकलेला होता. जे मला थकवा वाटलं होतं, ते त्यांना विसावा म्हणून दिसलं. पायांना उभं राहण्याची सवय असलेल्या माणसाने केलेलं ते वाचन होतं.

या प्रसंगावरून "कष्टकऱ्यालाच कष्टकऱ्याचं चित्र कळतं" असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. मला तो पटत नाही. गार्डकाकांनी जे सांगितलं ते ऐकल्यावर मलाही दिसलं, म्हणजे ते चित्रात होतंच आणि माझ्या डोळ्यांनाही दिसण्यासारखं होतं. त्यांच्या अनुभवामुळे ते त्यांना आधी दिसलं, एवढाच फरक. आणि तेवढा फरकही पुरेसा महत्त्वाचा आहे.

तिसरी प्रतिक्रिया मला सगळ्यात प्रामाणिक वाटते, जरी ती ऐकून कलाप्रेमी कपाळाला हात लावतात. "यात काय काढायचं? ही माणसं आपण रोजच तर बघतो."

खरंच बघतो का? ठाण्याहून सकाळची फास्ट लोकल पकडणारे जाणतात की गाडीत शिरल्यावर आपण बसलेल्या माणसाला पहिला प्रश्न विचारतो, "कुठे उतरणार?" तो म्हणाला "कुर्ला", की तो माणूस आपल्यासाठी कुर्ल्याला रिकामी होणारी सीट असतो. यात वाईट काही नाही. त्या गर्दीत दुसरं काही शक्यही नाही. भाजीवाल्याकडे आपण भाजीसाठी बघतो, रिक्षावाला येईल की नाही हे त्याच्या मानेच्या हालचालीवरून ठरवतो, बिल्डिंगच्या कामावरचा मजूर दिसला की वरून काही पडत नाही ना ते बघतो. डॉक्टरही पेशंटकडे आजारासाठी बघतो आणि एक्स-रेच्या फिल्मवर तर चेहराही नसतो. तीस वर्षं त्या फिल्म बघणाऱ्या माणसाने संध्याकाळी घरी येऊन संपूर्ण देह आणि चेहरे रंगवले, याचा मला या संदर्भात विचार करावासा वाटतो. ते त्या नोकरीमुळे होतं की नोकरी असूनही, हे ठरवायची मला गरज वाटत नाही.

इमॅन्युएल कांट या तत्त्वज्ञाने १७८५ मध्ये लिहिलं की माणसाला कधीही केवळ साधन म्हणून वागवू नये. पाच वर्षांनी, १७९० मध्ये, सौंदर्याबद्दल लिहिताना त्याने म्हटलं की सुंदर गोष्टीचा आस्वाद घेताना ती आपल्या उपयोगाची आहे का हा प्रश्न बाजूला पडलेला असतो. आस्वाद घेणं म्हणजेच नीतीने वागणं, असं कांट म्हणत नाही. पण सौंदर्य हे नीतीचं प्रतीक असू शकतं, एवढं त्याने म्हटलं आहे. मी त्यात माझ्यापुरतं एक जोडतो. माणसाच्या चित्रासमोर या दोन गोष्टी एकमेकींच्या फार जवळ येतात. चित्रातला माणूस कुर्ल्याला उतरणार नाही. तो आपल्याला भाजी देणार नाही, आपलं काम अडवणार नाही. त्याच्याकडून मिळण्यासारखं काही उरलेलं नाही, आणि तरी तो समोर आहे. अशा माणसाकडे दोन मिनिटं बघणं किती अवघड जातं ते करून बघा. हात आपोआप फोनकडे जातो, डोळे बाजूच्या नावाच्या पट्टीकडे जातात. "रोजच तर बघतो" म्हणणाऱ्याची अस्वस्थता मला इथे दिसते. त्याला चित्र कंटाळवाणं वाटत नसावं. इथे बघून करायचं काय, हे त्याला सुचत नाही.

यावर एक आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. चित्रकारानेही त्या माणसाला वापरलंच की! त्याला विचारलं नाही, त्याचं नाव कुठे नाही. चित्राला लाखांची किंमत येते ती कुणाच्या तरी दिवाणखान्यात टांगण्यासाठी, आणि ज्याचा देह रंगवला तो त्या बिल्डिंगमध्ये मागच्या लिफ्टने जातो. निरपेक्ष बघण्याच्या गप्पा ज्याचं पोट भरलेलं आहे त्याने माराव्यात.

हा आक्षेप बऱ्याच अंशी खरा आहे. कुठल्याही चित्राने तो पूर्ण पुसला जात नाही. स्वतः पटवर्धनांच्या कामात हा प्रश्न दिसतो. पुढच्या काळातल्या चित्रांत चित्रकाराची खोली, मध्यमवर्गीय घरं, बघणारा स्वतः हे सगळं येऊ लागतं; बघणारा कुठे उभा आहे ते झाकलेलं नाही. २००८-०९ मध्ये समकालीन भारतीय चित्रांचं 'एक्स्पांडिंग होरायझन्स' हे फिरतं प्रदर्शन महाराष्ट्रातल्या मुंबईबाहेरच्या शहरांत गेलं, त्यातही त्यांचा मोठा वाटा होता. याने मालकीचा प्रश्न सुटत नाही. पण चित्रासमोर कोण उभं राहतं हा प्रश्न चित्राइतकाच महत्त्वाचा आहे, हे त्यातून मान्य होतं. गार्डकाका त्या खोलीत ड्युटीवर होते म्हणून मला ते वाचन ऐकायला मिळालं. प्रेक्षक म्हणून तिथे त्यांच्यासारखे किती जण येतात, हे आपल्याला ठाऊक आहे.

म्हणून निरपेक्ष बघणं पुरेसं आहे असा माझा दावा नाही. मजुरी, घर, पाणी, सुरक्षित प्रवास हे प्रश्न चित्र बघून सुटत नाहीत. माझा दावा लहान आहे. जो माणूस आपल्याला फक्त सीट, सेवा किंवा दयेचा विषय म्हणून दिसतो, त्याचे हक्क आपल्याला मनापासून कधीच पटत नाहीत. पटले तरी ते उपकार म्हणून पटतात. त्याआधी तो आपल्याला न लागणारा, स्वतःच्या वेळात स्वतःपुरता बसलेला माणूस म्हणून दिसावा लागतो.

ग्रेड परीक्षेच्या मेमरी ड्रॉइंगमध्ये आम्हाला बाजाराचं किंवा बसस्टॉपचं दृश्य यायचं. मागची गर्दी कशी काढायची याची युक्ती क्लासमध्ये शिकवलेली असायची: आधी गोल डोकं, मग खांद्याची एक रेघ, की झाला माणूस. दहा मिनिटांत वीस माणसं व्हायची आणि मार्कही मिळायचे. ती युक्ती माझ्या हातात अजून आहे. पटवर्धनांच्या गर्दीत ती कुठेही वापरलेली नाही. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही स्वतःची मान आहे आणि ती मान त्याच्याच पद्धतीने वळलेली आहे. ती मोजत उभं राहिलं की वेळ लागतो, आणि मागचे लोक जरा सरका म्हणतात.