नव्या पानाचें ऋण

माझा एक विद्यार्थी एका सार्वजनिक सॉफ्टवेअरच्या कामांत हौसेनें भाग घेत असतो. त्या सॉफ्टवेअरच्या माहितीसंग्रहांत आपण चार नवीं पानें घातलीं, असें परवां त्यानें मोठ्या आनंदानें सांगितलें. मीं त्याचें अभिनंदन केलें व सहज विचारलें, "सॉफ्टवेअर बदलेल तेव्हां हीं पानें सुधारणार कोण?" तो म्हणाला, "सर, तें पुढें कोणी तरी पाहीलच." त्या 'कोणी तरी'नें मला विचारांत पाडलें. ज्ञानदान हें निर्विवाद पुण्य असें आपण मानतों. पण लिहून मोकळें झाल्यानें तें दान पुरें होतें काय?

काव्याचें पान शंभर वर्षांनींहि शिळें होत नाहीं. सॉफ्टवेअरचें तसें नव्हे. त्यांतील आज्ञा पालटतात, जुन्या वाटा बंद होतात. पान मात्र पूर्वीच्याच आत्मविश्वासानें बोलत राहतें. वाटेंत पाणपोई आहे असें ऐकून पांथस्थ घरून पाणी घेत नाहीं. रांजण कोरडा निघाला म्हणजे त्याची जी दशा होते, ती पाणपोई मुळींच नसती तर झाली नसती.

अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनीं १९७१ सालीं युनिक्स प्रणालीची पहिली माहितीपुस्तिका सिद्ध केली. तिच्या पानांवर दोन अर्थपूर्ण मथळे आढळतात. एक 'दोष': वर्णिलेली वस्तु कोठें चुकते, याची तेथें उघड कबुली. दुसरा 'मालक': अडचण आल्यास कोणाला विचारावें, त्याचें नांव. अनोळखी वाचकासाठीं लिहिण्याची सारी नीति मला या दोन शब्दांत दिसते.

कोणी म्हणेल, इतकी अट घातल्यास कोणी लिहिणारच नाहीं. आक्षेप खरा आहे. विनामूल्य श्रम करणाऱ्यावर जन्माचें ओझें लादणें हाहि अन्यायच. परंतु हें पान कोणत्या आवृत्तीसाठीं लिहिलें, केव्हां पडताळलें, आणि आपलें ज्ञान कोठें संपतें, एवढें सांगण्यास जन्म लागत नाहीं. तेंहि होत नसेल तर एखादें जुनें पान दुरुस्त करावें, निरुपयोगी झालेलें काढून टाकावें. नव्या पानाला शाबासकी मिळते, या कामाला सहसा मिळत नाहीं. म्हणूनच त्यांत परोपकार किती व हौस किती, याची पारख होते.

आठवड्यानें तो विद्यार्थी पुन्हा आला. चारांपैकीं दोन पानांतील मजकूर त्यानें जुन्या पानांतच सामावून टाकला होता. उरलेल्या दोहोंखालीं आवृत्तीचा क्रमांक, पडताळणीची तारीख व स्वतःचें नांव घातलें होतें. "सर, पानें निम्मीं झालीं," तो किंचित् खिन्नपणें म्हणाला. त्याचें पुण्य निम्में झालें, असें मात्र मला वाटलें नाहीं.