उंबरठा आणि बारा धोंडे
(शास्त्रपाठ : यहोशवा, अध्याय ४)

ओटीवरून स्वयंपाकघरात जावे आणि कशासाठी आलो हेच आठवू नये, असे आपणांपैकी कोणास होत नाही? वृद्धांस असे झाले की घरची मंडळी हसतात. आणि धडा विसरणाऱ्यास उपदेशकही पुष्कळदा सर्वांदेखत दटावतात. आम्हीही तसे केले आहे.

मेंदूचा अभ्यास करणारे विद्वान म्हणतात की, दिवस अखंड वाहत असला तरी मेंदू त्याचे प्रसंगाप्रसंगांनी भाग पाडतो. जागा बदलली, माणसे आली-गेली, काम पालटले, की एक प्रसंग मिटतो व दुसरा उघडतो. त्या सांध्यावर, ज्याकडे स्मरणाचे काम आहे तो हिप्पोकॅम्पस नावाचा मेंदूचा भाग विशेष जागा होतो. जणू सरलेला प्रसंग गाठोड्यात बांधून ठेवतो. २०११ साली अमेरिकेतील नोत्र दाम विद्यापीठाच्या गॅब्रिएल रॅडव्हॅन्स्की ह्यांस असे आढळले की, एकाच खोलीत तितकेच अंतर चालणाऱ्यांपेक्षा दार ओलांडणारे बरोबरची वस्तू अधिक विसरले. पहिल्या खोलीत परत नेल्यानेही त्यांचे स्मरण सुधारले नाही. पुढील प्रयोगांत हा परिणाम दर वेळी दिसला नाही. मनावर दुसरा भार असता तो दिसला. तेव्हा विसरणे हा सर्वदा आळस नव्हे.

यार्देन हा इस्राएलाचा केवढा उंबरठा! चाळीस वर्षांचे रान एका काठी मिटले, दुसऱ्या काठी नवा देश उघडला. देवाने त्यांस माघारी जाऊन आठवा असे सांगितले नाही. नदीच्या मध्यातून बारा धोंडे खांद्यावर घेऊन पलीकडच्या मुक्कामी आणावयास लावले. मुलांनी ते पाहून विचारावे म्हणून.

मुंबईत मरोळास असेच काही घडले आहे. जेझुइटांनी १५७९ साली बांधलेले बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे देवालय १८४० च्या साथीनंतर ओस पडले. त्याचे भग्नावशेष सीप्झच्या आवारात उभे आहेत. लोक मरोळच्या नव्या देवालयी आले, पण वेदी, खांब व बाप्तिस्म्याचे पात्र बरोबर घेऊन. ते रोमन मंडळीचे लोक खरे. ह्या एका गोष्टीत तरी आम्ही त्यांचे शिष्य व्हावे.

येत्या रविवारी एखाद्या आजीबाईस मागला धडा आठवेना, तर काय ऐकले हे आधी विचारू नये. तेव्हा त्या कोठे बसल्या होत्या, शेजारी कोण होते, बाहेर पाऊस होता काय, हे विचारावे. आणि पेरणाऱ्याचा दाखला सांगाल त्या दिवशी प्रत्येकाच्या मुठीत थोडे बी द्यावे. ते पदराच्या गाठीत घरी जाईल, आणि गाठ सोडताना नातू विचारील.