आवरलेला हात

माँट्रियलच्या ‘छोट्या इटली’त, सेंट-झोटिक रस्त्यावर, ‘मों लापें’ नावाचे एक उपाहारगृह २०१८ साली उघडले. २०२३ मध्ये कॅनडातल्या शंभर नामवंत उपाहारगृहांच्या यादीत ते पहिले आले, पण कीर्तीचा दर्प तिथल्या हवेला शिवलेला दिसत नाही. टेबले इतकी जवळ, की शेजाऱ्यांचे संभाषण आपल्याच पंक्तीला येऊन बसते. पावाच्या दोन चकत्यांत शिंपल्यांचे मऊ सारण भरून खमंग परतलेला तिथला प्रसिद्ध पदार्थ समोर येतो आणि सोबत येते किंचित गढूळ, सोनेरी वाइन. पहिला घोट रुक्ष, आंबूस, जवळजवळ अबोल. बोलण्याच्या ओघात पेला विसरून पुन्हा उचलावा तर तिच्यात फुलांचा, ओल्या दगडाचा गंध जागा झालेला असतो. काळ एरवी आपल्याला चटकन जाणवत नाही. इथे तो जिभेवर कळतो.

नैसर्गिक म्हणवणाऱ्या या वाइनमध्ये विकतचे किण्व घालत नाहीत. द्राक्षाच्या सालीवर आणि तळघराच्या हवेत जे सूक्ष्म जीव असतात, त्यांच्यावरच सारे सोपवलेले असते. गंधकाचा वापर नाममात्र किंवा मुळीच नाही, आणि बहुधा गाळणेही नाही. बोजोले प्रांतातल्या ज्यूल शोव्हे (१९०७–१९८९) या रसायनज्ञाने या पद्धतीला वैचारिक बळ दिले, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. ज्याला रसायने पुरती ठाऊक होती, त्यानेच ती दूर ठेवण्याचा मार्ग शोधला. अज्ञानातून आलेली अलिप्तता आणि ज्ञानातून आलेला संयम वरून सारखेच दिसतात. पण दुसऱ्यात द्राक्षांची स्वच्छता, पिंपातली उष्णता, किण्वनाचा वेग यांवर अहोरात्र डोळा ठेवावा लागतो. हात आवरणाऱ्याला विसावा नसतो.

आपल्या परंपरेला हे अपरिचित नाही. चरकसंहितेत चौऱ्याऐंशी आसवांची गणना आहे. आणि आसव-अरिष्टांत धायटीची फुले घालतात, त्या फुलांवरचे किण्वच विरजणासारखे काम करते. ही सूक्ष्म विद्या औषधाच्या बाटलीपुरती उरली, जेवणाच्या पानाशी तिचे नाते जुळले नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

माँट्रियल ज्या प्रांतात आहे, त्या क्युबेकमध्ये वाइनची विक्री १९२१ पासून मुख्यत्वे सरकारी मंडळाच्या हाती आहे. दुकानाच्या फळीवर न येणाऱ्या कितीतरी बाटल्या खाजगी आयातदारांमार्फत खोक्यांनी अशा उपाहारगृहांत पोचतात. म्हणून लहानशी जागाही इथे एक प्रकारचे ग्रंथालय होते. तिच्या यादीत दूरदेशीच्या वाइनशेजारी स्थानिक वाइनही भेटते, आणि मला तिचेच अप्रूप अधिक. या प्रांतात हिवाळ्यात पारा उणे पंचवीसच्याही खाली जातो, तेव्हा नाजूक वेली तगाव्यात म्हणून शरदात त्यांच्या बुंध्यावर माती चढवतात किंवा त्या जाड कापडाखाली निजवतात. जॉर्जियात मातीचे रांजण गळ्यापर्यंत पुरून त्यांत वाइन मुरवतात. इथे तर द्राक्ष जन्मण्याआधी वेलच भूमिगत होते. वसंतात ती माती दूर करण्याची घडी साधणे अवघड: घाई केली तर मे महिन्यातले हिमकण कोवळे डोळे जाळतात, उशीर झाला तर मातीखालीच फुटलेले अंकुर उकरताना मोडतात. दर वर्षी बागायतदाराला ती घडी बागेत उभे राहून, आभाळ आणि डोळे दोन्ही निरखत, नव्याने ठरवावी लागते.