शत्रूने लिहिलेली वही

एखाद्याने आपल्यावर पाळत ठेवली, आपण कोठे जातो, कोणाच्या घरी जेवतो, कोणाचे किती देणे लागतो, हे सारे वहीत उतरविले, आणि पुढे ती वही हाती आली, तर ती चारचौघांत उघडावी की जाळून टाकावी? अमेरिकेच्या दक्षिण भागातील मिसिसिपी राज्यात हा वाद वीस वर्षांहून अधिक चालला.

काळ्या व गोऱ्या मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवू नयेत, असा निकाल तेथील सुप्रीम कोर्टाने १९५४ साली दिला. तो हाणून पाडण्यासाठी १९५६ मध्ये मिसिसिपीच्या विधिमंडळाने एक ‘सार्वभौमत्व आयोग’ नेमला. नाव भारदस्त, काम चहाडीचे. सरकारी पगारावर हेर ठेवले गेले. १९७७ साली आयोग बंद झाला तेव्हा कागद नष्ट करावेत, असेही काहींचे म्हणणे पडले. शेवटी ते २०२७ पर्यंत सीलबंद ठेवावेत असे ठरले. नागरी हक्कांसाठी लढणारे लोक त्याविरुद्ध कोर्टात गेले.

पण वाचकहो, ज्यांच्यावर पाळत होती त्यांच्यातच पुढे दोन तट पडले. एड किंग हे पाद्री आणि जॉन सॉल्टर हे प्राध्यापक, दोघेही चळवळीत मार खाल्लेले. ते म्हणाले, हेरांनी लिहिलेल्या खोट्यानाट्या गोष्टी छापून आम्हा लोकांची पुन्हा बेअब्रू का करता? यात तथ्य होते. एका तान्ह्या मुलाचा बाप काळा की गोरा हे ठरविण्यासाठी एक हेर त्याची नखे निरखून आला, आणि तेही कागदावर आहे! असला कागद कोणी वाचावा?

मलाही प्रथम त्यांचेच पटले होते. क्लाइड केनर्डची हकीकत वाचली आणि मत फिरले. लष्करात नोकरी करून आलेला हा काळा तरुण कोंबड्या पाळी. हॅटिसबर्गच्या गोऱ्यांच्या कॉलेजात त्याने प्रवेश मागितला. १९६० साली पंचवीस डॉलरच्या कोंबडीखाद्याच्या चोरीत त्याला गोवून सात वर्षांची शिक्षा दिली. कर्करोगाने तो १९६३ मध्ये गेला. त्याला अपघातात संपविता येईल, असे गावातले लोक बोलत होते, ही नोंद आयोगाच्याच कागदांत सापडली. २००६ साली त्याच्यावरील कलंक पुसला गेला. कागद जाळले असते तर?

१९६४ मध्ये नेशोबा जिल्ह्यात चेनी, गुडमन व श्वेर्नर या तीन तरुणांचा खून झाला. त्यांतील शेवटचे दोघे यहुदी. त्यांच्या गाडीचा नंबर आयोगाने आधीच पोलिसांकडे पोचविला होता, हेही याच कागदांतून कळले.

कोर्टाने काढलेला मार्ग मला न्याय्य वाटतो. ज्यांच्यावर पाळत होती त्यांनी आधी आपले पान पाहावे. हवे तर नाव झाकून घ्यावे, नाहीतर आपले उत्तर त्याला जोडावे. पाळत ठेवणाऱ्यांना मात्र ही सवलत नाही. वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या गेल्या. नाव झाका म्हणणारे फार थोडे निघाले. १९९८ च्या मार्च महिन्यात सुमारे सव्वा लाख पाने लोकांसाठी खुली झाली.

तरी एक गोष्ट मनातून जात नाही. नखे पाहिलेले ते मूल हयात असेल तर आज साठीच्या घरात असेल. त्या जाहिरातीत आपले काही आहे, हे त्याला कसे कळावे?