अदृष्टाचा हिशेब

शेतांतील पीक मोजतां येतें, गोठ्यांतील गुरें मोजतां येतात, आणि अरण्यांतील झाडेंहि, अंगीं चिकाटी असल्यास, मोजतां येतात. समुद्राच्या तळाशीं राहणारे मासे मात्र कोणाच्या दृष्टीस पडत नाहींत. मग ते मोजावे कसे? तथापि प्रतिवर्षीं कोणत्या ना कोणत्या सरकारी कचेरींत एक आकडा ठरवावाच लागतो: अमुक समुद्रांत अमुक जातीचे इतके मासे आहेत, सबब यंदा इतके टन धरण्यास हरकत नाहीं. या आकड्यावर हजारों घरांच्या चुली अवलंबून असतात. आणि तो चुकला तर ज्यांच्या जिवावर त्या चुली पेटतात ते मासेच नाहींसे होण्याचा संभव असतो. सकृद्दर्शनीं हा प्रश्न केवळ प्राणिशास्त्राचा व गणिताचा वाटेल. परंतु थोडा खोल विचार केला असतां त्यांत नीतिशास्त्रांतील एक बिकट प्रश्न दडलेला दिसून येईल. तो असा: ज्या बाबतींत आपलें ज्ञान अपुरें आहे, पण कृति तर टाळतां येत नाहीं, तेथें चूक होणारच असेल तर ती कोणत्या बाजूस व्हावी, आणि तिचा भार कोणीं सोसावा?

प्रथम ही मोजणी कशी करतात तें पाहूं. संशोधनाची नौका चिठ्ठ्या टाकून निवडावीं तशीं समुद्रांतील अनेक ठिकाणें निवडते, प्रत्येक ठिकाणीं ठराविक मापाचें जाळें ठराविक वेळ तळावरून ओढते, आणि जाळ्यानें किती क्षेत्र झाडून काढलें व त्यांत किती मासे आले यावरून सबंध क्षेत्राचा अदमास बांधते. जाळ्याच्या वाटेंतून निसटले किती, हें मात्र तिला निश्चित सांगतां येत नाहीं. दुसरें साधन म्हणजे माशाच्या कानांतील खडा. झाडाच्या बुंध्यांत असतात तशीं वर्षावर्षांचीं वलयें या खड्यांतहि असतात. तीं मोजलीं कीं माशाचें वय कळतें. धरलेल्या माशांचीं वयें व संख्या वर्षानुवर्षें नोंदून, पूर्वीं समुद्रांत किती मासे असले पाहिजेत याचा उलट हिशेब मांडतात. पण या रीतींत एक गोम आहे. जी पिढी धरून संपली तिचा हिशेब पुष्कळसा भरंवशाचा असतो. जी आज समुद्रांत आहे, आणि जिच्याविषयीं निर्णय घ्यावयाचा आहे, तिच्याच बाबतींत तो सर्वांत कच्चा असतो. तिसरें साधन धंद्याच्या बोटींचा अनुभव. तासाभरांत मिळणारा माल जास्त, तर समुद्रांतील मासेहि जास्त, असें हें अनुमान आहे.

धूर पाहून अग्नि ओळखावा इतकें तें सरळ वाटतें. परंतु आपल्या नैयायिकांनीं सव्यभिचारी हेतूविषयीं जो इशारा देऊन ठेविला आहे तो येथें अक्षरशः लागू पडतो. जेथें साध्य नाहीं तेथेंहि जो हेतु आढळतो, त्याच्यावर विसंबतां येत नाहीं. धंद्याच्या बोटी वाटेल तेथें जाळें टाकीत नाहींत. जेथें मासे दाटलेले असतील तेथेंच त्या जातात, आणि यंत्रें सुधारलीं कीं त्या जागा त्यांना अधिकच लवकर सांपडतात. उरलेले मासे एकत्र जमून राहणारे असले, तर एकंदर संख्या घटत असतांहि तासाची मिळकत कायम राहूं शकते. अग्नि विझत आला तरी धूर तितकाच, असा हा प्रकार आहे.

हा धोका केवळ तर्कांतला नव्हे, हें कॅनडाच्या पूर्वेकडील न्यूफाउंडलंड बेटाच्या इतिहासावरून कळून येतें. जॉन कॅबट 1497 सालीं त्या बाजूस गेला, तेव्हांपासून तेथील कॉड माशाची कीर्ति युरोपभर पसरली आणि शतकानुशतकें त्यावर माणसें पोसलीं. टी. एच. हक्स्ले यांनीं 1883 सालीं लंडनच्या मत्स्यप्रदर्शनांत कॉडसारख्या माशांचा सांठा अक्षय्य असल्याचें प्रतिपादन केलें. त्यांच्या विधानास तत्कालीन पद्धतींची मर्यादा होती. पण लोकांनीं विधान लक्षांत ठेविलें आणि मर्यादा विसरले. पुढें दुसऱ्या महायुद्धानंतर प्रचंड यांत्रिक नौका आल्या, आणि 1968 सालीं तेथील उत्तरेकडच्या कॉडची पकड सुमारें 8 लक्ष टनांवर गेली. 1977 सालीं कॅनडानें किनाऱ्यापासून 200 सागरी मैलांपर्यंत आपला अधिकार स्थापिला. परके गेले, आतां शास्त्रशुद्ध व्यवस्था होईल, अशी सर्वांची समजूत झाली.

तथापि 1980 नंतरच्या दशकांत दोन साक्षी परस्परविरुद्ध बोलूं लागल्या. संशोधन-नौकेचे आकडे मासे कमी दाखवीत, व्यापारी बोटींचे आकडे जास्त. आणि दोहोंच्या मधला मार्ग पत्करण्याकडे कल राहिला. इकडे किनाऱ्यालगत लहान होड्यांतून मासे धरणारे लोक, मासा येईनासा झाला आहे, अशी तक्रार करीत होते. तिला पुरेसें वजन मिळालें नाहीं. 1989 सालीं पूर्वींचे अदमास फार फुगलेले होते असें शास्त्रज्ञांच्याच ध्यानांत आलें. त्यांनीं 1,25,000 टनांची मर्यादा सुचविली. सरकारनें 2,35,000 टनांची ठरविली. अखेर 2 जुलै 1992 रोजीं ती मासेमारी बंद करावी लागली. सुमारें 30,000 लोकांचा रोजगार गेला. बंदी दोन वर्षांची म्हणून घातली होती. ती 2024 सालीं उठली. त्या काळांत समुद्राचें पाणी अधिक थंड झालें होतें, त्याचाहि हा परिणाम असावा, असें कित्येक अभ्यासकांचें मत आहे. तें खरें मानलें तरी, आधींच खंगलेल्या शरीरास थंडी अधिक बाधते, एवढेंच त्यावरून सिद्ध होईल.

या हकीकतींत मला सर्वांत विचारणीय वाटते ती 'मधल्या मार्गा'ची गोष्ट. वांटणीवरून भांडणाऱ्या दोन भावांत मधला तोडगा काढणें हें शहाणपण होय. पण परस्परविरुद्ध बोलणाऱ्या दोन मापांच्या मध्यावर सत्य असतेंच असा कोठें नियम आहे? तेथें कोणती साक्ष कां चुकत असावी, याचा शोध करणें हाच खरा मार्ग. तो सोडून मध्य पत्करला, म्हणजे व्यवहारांतील सौजन्यास सत्यशोधनाचा मान दिल्यासारखें होतें.

यावर एक सबळ आक्षेप येईल. "अंदाज दोन्ही बाजूंनीं चुकूं शकतो. मासे पुष्कळ असतां ते कमी आहेत असें मानून मर्यादा घातली, तर गरीब माणसाच्या तोंडचा घास विनाकारण काढल्यासारखें नाहीं कां?" हा आक्षेप झिडकारण्यासारखा नाहीं. बोटीसाठीं काढलेल्या कर्जाचा हप्ता शास्त्रज्ञांच्या खात्रीची वाट पाहत थांबत नाहीं. परंतु दोन्ही चुका सारख्या नव्हेत. कमी धरले म्हणून समुद्रांत राहिलेले मासे वायां जात नाहींत. त्यांतील पुष्कळसे वाढतात व वितात. पहिल्या महायुद्धांत उत्तर समुद्रांतील मासेमारी पुष्कळ कमी झाली होती; युद्ध संपल्यावर जाळीं टाकलीं तेव्हां प्लेस नांवाचे चपटे तळमासे पूर्वींपेक्षां मोठे व अधिक मिळूं लागले. जास्त धरण्याची चूक मात्र एका पिढींत भरून येईलच असें नाहीं. न्यायालयांत संशयाचा फायदा आरोपीला देतात, कारण निरपराध्यास दिलेली फांशी परत घेतां येत नाहीं. तोच न्याय येथें लावला तर, संशयाचा फायदा जें गमावल्यास परत मिळणार नाहीं त्याला, म्हणजे माशाला व पुढच्या पिढीला, मिळाला पाहिजे.

पण येथेंच थांबणें अन्यायाचें होईल. सावधगिरीचा उपदेश करणारा बहुधा पगारदार असतो. तिची किंमत मोजणारा दर्यावर जाणारा असतो. समाजाच्या हितासाठीं ज्याला जाळें गुंडाळून ठेवण्यास सांगितलें, त्याच्या त्या दिवसांच्या पोटाची तजवीज समाजानें केली पाहिजे. एरवीं आपली नीति दुसऱ्याच्या उपवासावर उभी राहील. शिवाय, उपाशी माणसाकडून पकडीची खरी नोंद मिळण्याची आशाहि धरतां येत नाहीं. आणि नोंद खोटी झाली कीं पुढचा अदमासहि खोटा.

आपल्या किनाऱ्यालाहि हा विचार परका नाहीं. नारळी पौर्णिमेपूर्वीं दर्यांत होड्या न लोटण्याची कोळी समाजाची रूढि वादळाच्या भयांतून निघालेली असली, तरी तिच्यामुळें माशांनाहि विसांवा मिळत आला. आज जून व जुलै महिन्यांत यांत्रिक नौकांस कायद्यानें बंदी असते. आमच्याकडील तळजाळ्यांत एकाच वेळीं अनेक जातींचे मासे येतात, त्यामुळें येथली मोजणी कॉडच्या मोजणीहूनहि बिकट आहे. म्हणून नेमकें मोजमाप होण्याची वाट न पाहतां विसांवा देणारे असे नियम येथें अधिकच मोलाचे ठरतात.

न्यूफाउंडलंडच्या कथेचा शेवट ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. 2023 सालीं तेथील गणनेची रीत सुधारण्यांत आली; जुन्या वर्षांची माहिती जमेस धरल्यानें धोक्याची रेषा खालीं आली, आणि कॉडचा सांठा त्या रेषेच्या वर गणला जाऊं लागला. नवी रीत अधिक बरोबर असेलहि. पण त्यामुळें समुद्रांत एकहि मासा वाढला नाहीं. वाढला तो वहींतील दिलासा. अशा दिलाशाच्या वेळींच आपल्या प्रामाणिकपणाची कसोटी लागते. आकडा आपल्याला सोईचा निघाला म्हणजे तो पुन्हां एकदां तपासून पाहणें, आणि गैरसोईचा निघाला म्हणजे केवळ तेवढ्यासाठीं तो नाकारूं नये, इतकें तरी व्रत जे दुसऱ्यांच्या वतीनें अदृष्टाचा हिशेब मांडतात त्यांनीं पाळलें पाहिजे. कारण त्या हिशेबांत ज्यांचें सर्वस्व गुंतलेलें आहे, त्या माशांना व अद्याप न जन्मलेल्या माणसांना, चूक दाखविण्यासाठीं कचेरींत येतां येत नाहीं.