न घेतलेला घास

दिवाळीत सातव्या घरून फराळाचे ताट येते तेव्हा पोटात तिळाएवढीही जागा उरलेली नसते. तरी आपण एक शंकरपाळा उचलतो, तोंडात टाकतो आणि "छान झालेत हं!" म्हणतो. त्या एका शंकरपाळ्यामागे केवढे शास्त्र आहे! ताट तसेच परत गेले तर शेजारीण कदाचित रागावणार नाही. पण दोन घरांच्या मधले काही तरी तुटेल, हे आपल्याला न शिकवता कळते. काय खावे, काय खाऊ नये, एकादशीला काय चालते, याविषयी आपल्या पूर्वजांनी पुष्कळ लिहून ठेवले आहे. परंतु समोर आलेला घास न घेणे म्हणजे नेमके काय करणे, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. मला तो घराबाहेर, फार दूर भेटला. इंडोनेशियात उन्हाळ्याच्या सुट्टीचे तीन आठवडे मी पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत होतो, आणि प्रत्येक बेटावर तो प्रश्न नवे ताट घेऊन पुढे येत होता.

हा देश 17,000 हून अधिक बेटांचा. त्यामुळे 'इंडोनेशियाचे जेवण' असे एकच काही नाही. पश्चिम सुमात्रातल्या पाडांग गावच्या खानावळीत तुम्ही बसलात की कोणी काही विचारीत नाही. वाढपी मनगटापासून खांद्यापर्यंत बशांची उतरंड रचून येतो आणि पंधरा-वीस पदार्थ न मागता मांडून जातो. नारळाच्या दुधातला कोवळा फणस, टॅपिओकाचा उकडलेला पाला, हिरव्या मिरचीचा ठेचा, मासे, अंडी, आणि मध्यभागी काळसर तपकिरी रंदांग. जे खाल त्याचे पैसे; ज्या बशीला हात लावला नाही ती आली तशी परत.

रंदांग म्हणजे मसाला आणि नारळाच्या दुधात तासन् तास शिजवलेले मांस. दूध आटते, तेल सुटते आणि शेवटी मांस त्या तेलातच परतले जाते. असे केलेले रंदांग आठवडेच्या आठवडे टिकते, आणि टिकण्याचे तेथे काम आहे. मिनांगकाबाउ लोकांत घर आणि जमीन आईकडून लेकीकडे जाते. तरुण मुलगे नशीब काढायला परमुलखात जातात. त्या जाणाऱ्याच्या शिदोरीत हे मांस असते. आपल्या लाडवांचे आणि त्याचे नाते मला तेथेच कळले. पण ते बहुधा गाईचे असते, आणि मी मासे-मटण खाणारा असलो तरी आमच्या घरी गोमांस वर्ज्य. मी ती बशी बाजूला सरकवली. वाढप्याने रिकाम्या बशा मोजल्या, भरलेली उचलली आणि दुसऱ्या टेबलाकडे गेला. चेहऱ्यावर प्रश्न नाही की राग नाही. या मांडणीचे कौतुक करावे तेवढे थोडेच. डच साहेबांनी अशाच अनेक बशांची आपली 'भाताची मेजवानी' केली, तेव्हा एकेक पदार्थ हातात घेतलेल्या नोकरांची रांग उभी राहू लागली. बशा त्याच, पण बसणारा कोण आणि उभा राहणारा कोण, हे दाखवायला त्या मांडल्या जाऊ लागल्या.

जावा बेटावरच्या योग्यकर्त्याला गुडेग नावाचा पदार्थ खाल्ला. कोवळा फणस, नारळाचे दूध आणि ताडगूळ यांना मंद आचेवर तास न् तास शिजवायचे, आणि रंगासाठी सागाची पाने टाकायची. कोकणी माणसाला फणस ओळखीचा. गूळ मात्र त्यांनी असा काही घातलेला असतो की भाजी खातो आहोत की पक्वान्न, असा संभ्रम पडावा. शाकाहारी म्हणून निर्धास्त होऊ नये. शेजारी वाढलेली तिखट, मऊ भाजी गुरांच्या चामड्याची असते!

पण जावाचे खरे गाव माझ्या दृष्टीने कुदुस. उत्तर किनाऱ्याजवळ, सेमारांग शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर. तिथल्या जुन्या मशिदीचा मनोरा लाल विटांचा आहे, आणि पाहिल्याबरोबर तो एखाद्या देवळाचा भाग वाटतो. ही मशीद 1549 सालची. जावात इस्लाम रुजवणारे जे नऊ वली मानले जातात, त्यांतले सुनान कुदुस यांचे हे गाव. परंपरा अशी सांगते की त्या काळी आसपास हिंदू वस्ती मोठी होती. तिच्या मनाला लागू नये म्हणून सुनानांनी आपल्या अनुयायांना गाय कापू नका असे सांगितले. ते सांगणे तिथले लोक अजून पाळतात. गावची प्रसिद्ध सोतो, म्हणजे भात घातलेले पातळ सूप, म्हशीच्या मांसाची किंवा कोंबडीची. सळईवरचे मांस म्हशीचे. बकरी ईदलासुद्धा तेथे बहुतेक म्हैसच कापली जाते. (म्हशीचे मत कोणी विचारले नाही, हे खरे.)

कोणी म्हणेल, ही धर्मप्रसाराची युक्ती होती. असेलही. माणसे जोडायची तर त्यांच्या देवाला दुखवू नये, एवढे व्यवहारज्ञान कोणत्याही प्रचारकाला असते. पण युक्ती तिचा उपयोग असेपर्यंतच टिकते. आज कुदुसमध्ये हिंदू अगदी थोडे. ज्याच्यासाठी घास सोडला तो शेजारी जवळजवळ निघून गेला, आणि घास सोडणे मात्र राहिले. त्या गावात कोंबडीच्या सोतोची लहानशी वाटी पुढे घेऊन बसलो असता मला पाडांगची ती भरलेली बशी आठवली. मी रंदांग खाल्ले नाही, त्यात मी काय सोडले? ज्याची चवच ठाऊक नाही, ज्याची इच्छाही नाही, ते नाकारायला जिवाला काय पडते? कुदुसच्या माणसाने सोडले ते त्याच्या धर्माने त्याला दिलेले होते, आवडीचे होते, आणि ते दुसऱ्याच्या भावनेखातर सोडले होते. वर्ज्य असणे वेगळे आणि सोडणे वेगळे. आपण मात्र पहिल्यालाच दुसऱ्याचे नाव देऊन पुण्याच्या खात्यात जमा करतो.

याची उलट बाजूही आपल्या शहरांत रोज दिसते. "यांच्या स्वयंपाकाचा वास येतो" म्हणून मासे खाणाऱ्याला घर भाड्याने न देणारी माणसे आहेत. तीही घासाच्या पावित्र्याचीच भाषा बोलतात. फरक इतकाच की सोडायचे ते दुसऱ्याने.

मग प्रत्येकाने आपापले खावे आणि कोणी कोणाला बोलू नये, हेच शहाणपण का? सुलावेसी बेटाच्या उत्तर टोकाला, मानाडोला, हा सोपा निष्कर्ष अडखळतो. तिथले मिनाहासा लोक ख्रिस्ती. त्यांचे जेवण मिरचीत बुडालेले. डोंगरावरच्या तोमोहोन गावचा बाजार वटवाघळे, अजगर आणि कुत्री विकणारा म्हणून जगभर गाजला. परदेशी प्रवासी कॅमेरे घेऊन तिथे मुद्दाम किळस करून घ्यायला जात. 2023 साली त्या बाजारातला कुत्र्या-मांजरांचा व्यापार बंद झाला, आणि मला वाटते, चांगले झाले. पण चांगले का झाले? मला किळस येते म्हणून नव्हे. माझी किळस ही माझ्या आजीने मला दिलेली गोष्ट आहे. तिच्यावरून मिनाहासा माणसाचा न्याय करता येणार नाही. त्या जनावरांना तिथे ज्या रीतीने मारीत, तिच्याविषयी मात्र बोलता येते. अर्थात, तो प्रश्न एकदा विचारला की तो आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानातल्या, पिंजऱ्यात कोंबलेल्या कोंबडीलाही विचारावा लागतो. किळस दुसऱ्याच्याच ताटाकडे पाहते. क्रौर्याच्या प्रश्नाला आपले ताटही चुकवता येत नाही. त्याच मानाडोत सकाळी तांदूळ, भोपळा, मका आणि पालेभाजी एकत्र शिजवलेली पेज मिळते, तिनुतुआन नावाची. ती ख्रिस्ती आणि मुसलमान एका बाकावर बसून खातात, आणि तिथे कॅमेरे फारसे नसतात.

घास नाकारण्याचा आणखी एक प्रकार आहे, आणि मास्तर म्हणून तो मी मधल्या सुट्टीत नेहमी पाहतो. एखादा मुलगा डब्याचे झाकण उभे धरून त्याच्या आड जेवतो. डब्यात नाचणीची भाकरी असते. पुढे तो भाकरी आणायचे सोडतो, मग डबाच आणायचे सोडतो. हीच नाचणी हल्ली चकचकीत पुड्यांतून महाग विकली जाते, पण ते त्या पोराला काय सांगणार!

देशांचेही असेच होते. सोयाबीन आंबवून केलेले टेंपे हे जावाच्या गरिबांचे अन्न. सुकार्णो यांनीच आपल्या लोकांना 'टेंपेसारखे मऊ राष्ट्र' होऊ नका असे बजावले होते. त्याच सुकार्णोंच्या पुढाकाराने बेटाबेटांवरच्या सोळाशेहून अधिक पाककृतींचा सरकारी ग्रंथ तयार झाला आणि 1967 साली निघाला, ही गंमतही नोंदवावी. पण पुढच्या राजवटीत भाताचे राज्य आले. सुहार्तो यांच्या काळात, 1984 साली, देश तांदळात स्वयंपूर्ण झाला. मोठीच गोष्ट, भुकेल्या देशाला तिची किंमत विचारावी. मात्र त्याबरोबर पूर्वेकडच्या मालुकू आणि पापुआ बेटांवरही भात खाणे हे पुढारलेपणाचे लक्षण ठरले, आणि तिथले जुने अन्न, सागू, मागासलेले ठरले.

सागू हे एका ताडजातीच्या झाडाचे सत्त्व. फुलोरा येण्यापूर्वी झाड तोडायचे, खोडातला भुसभुशीत गाभा कुटायचा, पाण्यात धुवायचा. तळाशी पांढरे पीठ बसते. वॉलेस या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने 1869 सालच्या आपल्या ग्रंथात हिशेब मांडला की एका मोठ्या झाडातून नऊशे पौंड पीठ निघते आणि दहा दिवसांच्या कष्टात माणसाचे वर्षाचे अन्न होते. आणि मग या स्वस्ताईमुळे हे लोक मागे राहतात, असा शेराही मारला! जेमतेम दहा दिवसांत वर्षाची बेगमी करणाऱ्याला हिशेबी म्हणावे की आळशी, हे हिशेब कोण लिहितो त्यावर ठरते.

आंबोनला मी एका शिक्षिकेच्या घरी जेवलो. तिच्या आईला सगळे 'इबु' म्हणत. इबु म्हणजे आई, आणि वयाने मोठ्या कोणाही बाईला तसेच म्हणायचे. इबुने आधी भात पुढे केला. पाहुण्याला सागू कसा वाढायचा, असे तिला वाटले असावे. मीच तिला पापेडा मागितला. तिने पिठावर उकळते पाणी ओतले, आणि पाहता पाहता ते खळीसारखे पारदर्शक झाले. दोन काड्यांवर गुंडाळून तिने ते ताटात सोडले आणि वर हळदीचे पिवळे माशाचे कालवण घातले. ते चावायचे नाही, नुसते ओढून गिळायचे. खरे सांगायचे तर त्याला स्वतःची चव नाही. कालवण सुरेख होते.

मी लेकीमार्फत इबुला सांगितले की आमच्याकडेही साबूदाणा आहे. त्यातला 'साबू' हा तुमच्या 'सागू'वरूनच आला. आता मात्र आमचा दाणा सागूच्या झाडाचा नसून टॅपिओकाच्या कंदाचा, आणि तो कंद मूळचा अमेरिकेतला. तिने विचारले, तुम्ही तो कधी खाता? म्हटले, उपासाच्या दिवशी. आणि कसा? भिजवून, तूप-जिऱ्यावर परतून, शेंगदाण्याचे कूट, मिरची, बटाटा, थोडी साखर घालून, वर ओले खोबरे.

लेकीने हे सगळे भाषांतर करून सांगितले. इबु बराच वेळ ताटाकडे पाहत राहिली. मग तिने काही तरी विचारले आणि लेक हसू लागली.

"आई विचारते आहे, मग उपासाला तुम्ही काय खात नाही?"